कासऱ्याचं शेवटचं टोक

माझ्या बायकोला हळू बोलता येत नव्हतं. कानात गुपित सांगितलं तरी पाटापलीकडच्या बांधावर ऐकू जायचं. अंगणवाडी चालवायची म्हणून सारी वस्ती तिला बाई म्हणायची. पुढं मीही बाईच म्हणायला लागलो.

आमच्या बेलापूरकडं ऊस दाट, त्यात बिबट्या. शाळेची वाट उसातूनच. एकदा त्यानं वाटेवर शेळी धरली आणि आयांनी पोरं घरी बसवली. बाई तेव्हा निवृत्त झालेली. तिनं माझ्या बैलांचा कासरा काढला, त्याला गाठी मारल्या. एका गाठीला एक पोर. शेवटचं टोक स्वतःच्या कमरेला, हातात ताट आणि पळी. ताट बडवत, पाढे ओरडत शाळेपर्यंत जायचं.

मी म्हणालो, "पोरं हायेत का बैलं?"

"बैलं शानी असत्यात. एकमेकाला सोडून पळत न्हाईत."

तिचा नेम एकच, जास्त भितो तो पुढं. स्वाती नावाची पोर पान हललं तरी रडायची. तिलाच पहिली गाठ. तिची आई भांडायला आली, "माझीच लेक का वाघाच्या तोंडी देता?"

बाई म्हणाली, "मागं ठिवली तर एकटीच भिईल. पुढं असली की समदी तिच्यासाठी वरडत्यात."

एकदा पुढचा ऊस जोरात हलला. स्वाती जागीच थिजली. एकानंही कासरा सोडला नाही. मागून बाई ओरडली, "स्वाते, बे चोक?" सगळा कासरा ओरडला, "आठ." आत जे काय होतं ते निघून गेलं.

या थंडीत बाई गेली. छातीत कळ आली म्हणाली. आयुष्यात तेवढं एकच हळू बोलली.

दहावा झाला, पाहुणे गेले. मी गोठ्यापलीकडं जात नव्हतो. एका सकाळी ताटाचा आवाज दारात येऊन थांबला. हाक स्वातीनं मारली, ती आता मोठ्या वर्गात आहे.

"बाबा, चला."

बाईची जागा रिकामी असेल म्हणून मी मागं गेलो. तर टोक स्वातीच्या कमरेला. तिनं मला हाताला धरून पहिल्या गाठीशी नेलं.

"मी काय वाघाला भितो व्हय गं?"

"वाघाचं कोन म्हनतंय?" ती म्हणाली आणि मागं गेली.

मी गाठ धरली. ताट वाजलं, पाढे सुरू झाले. मला सातापुढचे येत नाहीत. तिथून पुढं मी नुसता ओरडत गेलो.