वाचनासमोर लिहिलेलं ‘उत्तम’

नवरा विमा कंपनीत. त्याची बदली जयपूरला झाली तेव्हा मला शिकवणं सोडून आठ वर्षं झाली होती. जवाहर नगरमध्ये घर मिळालं, मुलगा शाळेत रुळला, आणि सीतापुऱ्याजवळच्या एका ट्रस्टच्या प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली. आजूबाजूला कपडे शिवून परदेशी पाठवणारे कारखाने होते आणि वर्गातली बहुतेक मुलं तिथल्या कामगारांची. मी दुसरीला हिंदी शिकवायचे. माझे उच्चार सातारचे आणि फळ्यावरचा ल, श मराठी वळणाचा. मुलं हसायची आणि मला दुरुस्त करायची.

दुसऱ्या वर्षी शाळेत पाच कॉम्प्युटर आले. कुणी दिले ते शेवटपर्यंत मला नीट कळलं नाही. एका खोलीला नवा रंग दिला गेला, खिडक्यांना जाळी बसली, आणि मुलांनी चपला बाहेर काढूनच आत जायचं असा नियम झाला. कॉम्प्युटरवर वाचन शिकवायचा एक कार्यक्रम होता. पडद्यावर चित्र यायचं, एक बाई गोड आवाजात शब्द म्हणायच्या आणि खाली एकाखाली एक तीन शब्द दिसायचे. बरोबर शब्दावर माउस दाबला की घंटा वाजायची. धड्याच्या शेवटी शंभरपैकी किती, ते यायचं.

एका कॉम्प्युटरवर पाच-सहा मुलं बसायची. माउस एकाच्याच हातात, बाकीची मागून ओरडायची. तरी मला ते आवडलं होतं, हे कबूल करायला हवं. फळ्यासमोर पेंगणारी मुलं तिथे ताठ बसायची. सगळ्यांत पुढे होती एक आठ वर्षांची मुलगी. तिचे वडील एका कारखान्यात शिलाई मशीनवर होते, आई तिथेच धागे कापायची. वर्गात ती तोंड उघडायची नाही, पण कॉम्प्युटरवर तिचा हात थांबायचा नाही. शंभर, सत्त्याण्णव, पुन्हा शंभर. मुख्याध्यापिकाबाईंनी तिचे गुण छापून दारावर लावले. सहामाहीच्या प्रगतिपत्रकात वाचनासमोर मी तिला ‘उत्तम’ लिहिलं. खूप बरं वाटलं होतं ते लिहिताना.

एका सकाळी धडा सुरू असतानाच वीज गेली. तास फुकट जायला नको म्हणून मी त्याच धड्यातले शब्द फळ्यावर लिहिले आणि तिला उभं केलं. कमल, नल, बतख, घर. ती फळ्याकडे बघत राहिली. मागून एका मुलानं हळूच ‘कमल’ म्हटलं, तेव्हा तिनंही म्हटलं. पुढच्या शब्दाला पुन्हा गप्प.

पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या ल मुळे झालं असेल. त्या समजुतीला मी दोन दिवस धरून राहिले. मग पडद्यावरच्या अक्षरांसारखी अक्षरं घोटून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि मधल्या सुट्टीत तिला एकटीलाच बोलावलं. ‘घर’ची चिठ्ठी समोर धरली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “दीदी, ये कौन-से नंबर वाला है?”

“नंबर कसला?”

मग तिनं मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. पहिल्या चित्राला मधला शब्द, दुसऱ्याला वरचा, मग दोनदा खालचा, मग पुन्हा मधला. तीस चित्रांचा धडा तिनं असा बोटांवर म्हणून दाखवला. कुठे अडखळली नाही. सगळे धडे तिला असेच पाठ होते. अक्षर तिला एकही येत नव्हतं, स्वतःच्या नावातलं पहिलं सोडलं तर. एवढं सगळं डोक्यात साठवणाऱ्या मुलीला क आणि म शिकवायला किती दिवस लागले असते, हा विचार माझ्या मनात तेव्हाच आला.

“मी चुकीचं केलं का?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “तू नाही.”

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्या वाईट नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी नीट शाळा चालवली होती. माझं सगळं ऐकून त्यांनी दार लोटलं. चार दिवसांनी पाहुणे येणार होते, कॉम्प्युटर देणाऱ्यांपैकीच. “आधी त्यांना येऊन जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही तिला शिकवा, मी आडवी येणार नाही. आत्ता ही खोली बंद पडली तर बाकीच्यांचंही नुकसान होईल.”

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. परत जाऊन बाकीच्या मुलांना त्या चिठ्ठ्या दाखवून पाहाव्यात, एवढंही मी त्या आठवड्यात केलं नाही. काय कळेल, याची भीती वाटत होती.

पाहुण्यांमध्ये एक वयस्क बाई होत्या, पांढरे केस, अगदी साध्या. मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली. कोणता धडा लावायचा ते मीच सांगितलं होतं. घंटा वाजत राहिली, शंभर आले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. “बेटा, ते काय लिहिलंय, मला वाचून दाखवशील?”

फलकावर पाहुण्यांचं स्वागत लिहिलं होतं, माझ्याच हातचं. मुलीनं फलकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी तिच्या मागेच उभी होते. खाली वाकून तिची रिबन सारखी केल्यासारखं केलं आणि कानाशी पुटपुटले, “हमारे स्कूल में आपका स्वागत है.” तिनं ते मोठ्यांदा म्हटलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. पुन्हा टाळ्या पडल्या. त्या दिवशी तिनं माझ्याकडे परत वळून पाहिलं नाही.

त्यानंतर शिकवायला सुरुवात करायची, असं ठरलेलं होतं. पण मुलाला ताप आला, मग स्नेहसंमेलनाची तयारी निघाली. तीन आठवडे असेच गेले.

एका सोमवारी तिचे वडील शाळेत आले. कामाचे कपडे, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. खिशातून त्यांनी प्रगतिपत्रक काढून माझ्यासमोर उलगडलं.

“बहनजी, हे तुम्हीच लिहिलंय?”

“हो.”

त्यांनी सांगितलं ते असं. शनिवारी बायकोच्या पोटात फार दुखत होतं. त्यांना सुट्टी मिळाली नाही. मुलगी आता वाचते, या भरवशावर त्यांनी दोघींनाच सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे खिडक्यांवर पाट्या होत्या. आईनं विचारलं, कुठे उभं राहायचं? मुलीनं एका पाटीकडे पाहून सांगितलं, इथेच. दोघी तीन तास त्या रांगेत उभ्या होत्या. पुढे गेल्यावर कळलं, ती खिडकी हाडांच्या डॉक्टरांची. तोपर्यंत दुसरी खिडकी बंद झाली होती. आई तशीच घरी आली, रात्रभर कळवळत राहिली. रविवारी शेजाऱ्यांनी खाजगी डॉक्टरकडे नेलं. आता ती बरी होती.

“मी पोरीला मारलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, येत असून मुद्दाम खोटं बोलली. तर रडत म्हणाली, बापू, मला वाचता येत नाही, दीदीला माहीत आहे.”

ते आवाज चढवून बोलत नव्हते. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

“ती खरं बोलली,” मी म्हटलं. “तिला वाचता येत नाही. मला माहीत होतं. हे मी चुकीचं लिहिलंय.”

त्यांनी प्रगतिपत्रकाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. “मग आम्ही कुणाला विचारायचं?” एवढंच म्हणाले आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेतलं. पहिले काही दिवस ती नुसती बसायची. मग मी स्पीकर काढून ठेवला आणि कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं. ती जे बोलेल ते टाइप करून दाखवायचं, एवढंच. पहिलं वाक्य ती म्हणाली, “माँ धागा काटती है.” ते मोठ्या अक्षरांत उमटलं. त्यात ‘धागा’ हा शब्द कुठला ते मी दाखवलं. तिनं पडद्यावर बोट ठेवून ध शोधला, मग स्वतः एक एक बटण दाबून तो उमटवला आणि वहीत पेन्सिलीनं काढला. तिची वाक्यं मी छापून द्यायचे. एकदा कागद फार संपतोय, असं ऑफिसमधून सांगण्यात आलं, तेव्हा घरचा कागद नेऊ लागले.

बाकीच्या मुलांनाही चिठ्ठ्या दाखवल्या. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना वाचता येत नव्हतं. वार्षिक प्रगतिपत्रकात मी तसं लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी सही केली, पण माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

मे महिन्यात नवऱ्याची बदली नागपूरला झाली. तोपर्यंत ती साधे शब्द वाचू लागली होती, काना आणि वेलांटी येत होती, जोडाक्षर दिसलं की थांबायची. मी तिची वही नव्या शिक्षिकेकडे दिली आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वही कपाटात ठेवली.

शेवटच्या दिवशी मुलगी दाराशी उभी होती. “नई दीदी को पता है?”

“हो. मी सांगितलंय.”

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, “उनसे कहना, सबके सामने मत पढ़वाना.”

मी परत आत जाऊन तेही सांगितलं. नंतर नागपूरहून शाळेच्या पत्त्यावर तिला दोन पत्रं पाठवली, मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं टाळून. उत्तर आलं नाही. पत्रं तिच्या हाती पडली की नाही, मला माहीत नाही.