भोंग्याचा मोबाईल

बसस्थानकावर त्याला सगळे भोंगा म्हणत. ड्रायव्हर, कंडक्टर, चहावाला, झाडूवाली, सगळे तोंडावर म्हणत आणि साहेब पाठीमागे म्हणत, एवढाच फरक. त्याला त्याचा राग नव्हता. चौकशीच्या खिडकीच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की काचेची एक खोली होती, आणि तिथे वाकड्या मानेच्या माइकसमोर त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. गाडी फलाटाला लागली की बटण दाबायचं, खरखर बसेपर्यंत थांबायचं आणि मग पोटातून आवाज काढायचा. भाषा छापील. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी नोंद घ्यावी." आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. कोणी विचारलं तर सांगायचा, "पहिल्यांदा लोकांना एवढंच कळतं की कोणीतरी बोलतंय. काय बोलतंय ते दुसऱ्यांदा कळतं."

घरी मात्र हा माणूस वेगळाच. अर्धं वाक्य तोंडात, अर्धं हवेत. बायकोला हाक मारायची तर "अगं", आणि पुढचं तिने ओळखायचं. ती म्हणायची, "सगळ्या गावाला स्वच्छ ऐकू येता, आणि घरी आलात की तोंडात गुळणी." तो हसायचा. घरात कशाला ओरडायचं, घरातल्यांना कळतंच की, असं त्याचं म्हणणं.

मग आवाज बसला. सगळ्यांचाच बसतो कधी ना कधी. पण याचा बसलेला आवाज उठेचना. गरम पाणी झालं, गोळ्या झाल्या, आणि शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नळी घालून आत बघितलं. त्या सरळ बाई होत्या, आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "गाठ स्वरयंत्रातच आहे. सगळंच काढावं लागेल. श्वास मानेतल्या भोकातून घ्याल. जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. बोलायच्या दुसऱ्या तऱ्हा शिकवतात पुढे, पण त्या सगळ्यांना जमतात असं नाही."

मरणाची भीती त्याला वाटली, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. घरात कपाट असतं, खुर्ची असते, तसे आपणही एका कोपऱ्यात होऊन बसू, आणि घरातली माणसं आपल्याला वळसा घालून जातील, ही ती भीती. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तोडगा लेकीने काढला. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि तिथे तिने कोणाकडे तरी पाहिलं होतं. मोबाईलवर चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात एक वाक्य आधीच बोलून ठेवायचं, मग बोट लावलं की फोन बोलतो. "तुमच्याच आवाजात, बाबा. ऑपरेशनच्या आधी भरून ठेवू. फक्त तुमचा हा डबडा फोन नाही चालायचा."

म्हणून तिघं मोबाईलच्या दुकानात गेली. बोलण्याला पैसे पडत नाहीत अशा थाटात बोलणारा तो दुकानदार होता. त्याने तीन फोन काचेवर मांडले, एक स्वस्तातला, एक मधला आणि एक असा की ज्याची किंमत ऐकून बायकोने हात मागे घेतला.

"कॅमेरा बघा काका, रात्रीचा दिवस करतो!"

"तो आम्ही जन्मभर केलाय," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आवाज ऐकवा."

दुकानदाराने तिन्हींवर एकच गाणं लावलं. भोंग्याने एकेक फोन कानाशी धरला, डोळे मिटले. स्वस्तातला डब्यात खडे घातल्यासारखा वाजत होता. महागडा निर्मळ होता. मधला जरासा नाकात बोलायचा, पण त्याचे शब्द सुटे ऐकू यायचे.

"हा किती चालेल?"

"मधला ना? चार-पाच वर्षं बघायला नको. तेवढी वर्षं कंपनीकडून सुधारणाही येत राहतात. बॅटरीचं मात्र माणसासारखंच आहे काका, दोन-तीन वर्षांनी दम कमी होतो. पण ती बदलून मिळते."

"आणि हा स्वस्तातला?"

"वर्ष, दीड वर्ष. मग हळू होतो. मेला नाही तरी मेल्यासारखाच."

"मग हाच द्या की. माझ्यापेक्षा जास्त चालून त्याला करायचंय काय?"

"जीभ झडो तुमची!" बायको पटकन बोलून गेली. बोलली, आणि आपण कोणाला काय बोललो ते ध्यानात येऊन तिने तोंडावर हात ठेवला. दुकानदाराने महागडा फोन उगाच आत ठेवला. लेक दाराकडे बघायला लागली. हसला एकटा भोंगा, आणि त्या हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

मधला घेतला. वरचा झेपत नाही आणि खालचा टिकत नाही, त्यामुळे या घरात सगळंच मधलं यायचं.

वाक्यं भरायला लेकीने खिडकीला गोधडी टांगली, पंखा बंद केला. भोंग्याने धुतलेला सदरा घातला, वरचं बटण लावलं. मोबाईल समोर ठेवल्यावर त्याने टेबलावर एक बोट दाबलं. तिथे बटण नव्हतं. मग तो खरखर बसायची वाट बघत थांबला. खरखरही नव्हती. आणि मग आवाज आला.

"मला पाणी हवे आहे. मला पाणी हवे आहे."

लेक म्हणाली, "बाबा, असं नाही. घरच्यासारखं बोला ना. 'अगं, पाणी दे', असं. आणि एकदाच."

त्याने प्रयत्न केला. पण घरच्या आवाजात नुसती हवा आली, शब्द घशातच फाटले. गाठीने घरचा आवाज आधीच खाल्ला होता. उरला होता तो नोकरीतला, पोटातून ढकलून काढायचा. आणि खरं सांगायचं तर थोडी हौसही होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. यंत्रासमोर बसलेला भोंगा घरच्यासारखा कसा बोलेल? जायचाच आहे आवाज, तर नीटनेटका मागे राहू दे, असं त्याला वाटलं. त्याने सगळी वाक्यं तशीच भरली. "मी जेवलो आहे." "दिवा बंद करावा." "मला दुखत आहे." बायकोला बोलवायला, "कृपया इकडे लक्ष द्यावे." आणि शेवटी कोणी न सांगता आपल्या मनाने एक, "आपण झोपावे. माझी काळजी करू नये." सगळं दोनदा. चुकलं की तो लेकीला खुणावून सांगायचा, पूस. काचेच्या खोलीत टेप होत्या तेव्हापासूनचा हा शब्द. लेक म्हणायची, "डिलीट म्हणतात, बाबा." पण तो पुसायचंच म्हणायचा.

ऑपरेशन झालं. तो घरी आला, मानेत भोक आणि हातात मोबाईल घेऊन. पहिल्या दिवशी बायको स्वयंपाकघरात होती, त्याने चौकोन दाबला.

"कृपया इकडे लक्ष द्यावे. कृपया इकडे लक्ष द्यावे."

ती धावत आली, दारात थबकली आणि हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली. "अहो, मी काय प्रवासी आहे का?" म्हणाली, आणि मग पुढे हसण्याचं रडणं कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

थोडे दिवस कौतुक झालं. शेजारची माणसं येऊन ऐकून गेली. पण स्थानकावर जे होतं तेच पुढे घरात झालं. घोषणेला मान वर करून कोण बघतं? "मला पाणी हवे आहे" झालं की बायको पाणी आणायची, पण बघायची मोबाईलकडे. उत्तरसुद्धा मोबाईललाच द्यायची. एकदा दूध उतू जात होतं, गॅसपाशी तिची धांदल, आणि इकडे चौकोन दोनदा बोलला, पुन्हा दोनदा बोलला. ती बाहेर आली ती तणतणतच.

"बंद करा तो भोंगा! हाताने सांगा, डोळ्याने सांगा, मला कळतं तुमचं. हा कोण परका माणूस आणून बसवलाय घरात?"

ती गॅसपाशी परत गेली आणि बोललेलं विसरलीही. तो विसरला नाही. त्या दिवसापासून घरात त्याने आवाजाचे चौकोन दाबायचे सोडले. बोटाने अक्षरं लिहायची, स्क्रीन तिच्यापुढे धरायची. ती चष्मा शोधून सावकाश वाचायची. बरेचदा चष्मा सापडायचा नाही, मग राहूनच जायचं. ज्या कोपऱ्याला तो भ्यायला होता, त्याच कोपऱ्यात तो हळूहळू जाऊन बसला.

पुढची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाई नेहमीसारख्या सरळ बोलल्या नाहीत. कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "फुप्फुसात उतरलंय. आता दुखू नये एवढं बघू." परतताना रिक्षात तिघांपैकी कोणी बोललं नाही. एकाला तर बोलता येतच नव्हतं.

तो अंथरुणाला लागला. पडल्या पडल्या त्याचं लक्ष लेकीच्या फोनकडे जायचं. काच तडकलेली, मध्येच बंद पडायचा, ती बिचारी तळहातावर आपटून चालू करायची. आणि आपला हा उशाशी, धड, नवाकोरा, अजून कितीतरी वर्षं चालणारा. तो तिलाच जाणार हे उघड होतं. पण आतल्या त्या घोषणांसकट? जो आवाज बायकोला घरात नको, तो पोरीच्या गळ्यात कशाला बांधायचा? जाण्याआधी तो पुसून, फोन रिकामा करून द्यावा, असं त्याच्या मनाने घेतलं. तरी बायकोला एकदा विचारायचं ठरवलं. ती पुसू नका म्हणाली तर ठेवायचा. ती नको म्हणेल अशी त्याला आशा होती, आणि त्या आशेची लाजही वाटत होती.

दुपारी ती त्याच्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने नुकतंच औषध घेतलं होतं, बोटं चिकट, आणि चिकट बोटांनीच त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं, पुसून टाकू का? मग पलंगाच्या कडेवर थापटलं. ती वळली. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला.

तिने चष्मा लावला नव्हता, पण अक्षरं मोठी होती. तिने वाचलं. म्हणाली, "टाका ना पुसून! विचारायचं काय त्यात? बघवत नाही मला. कालच सांगणार होते." आणि पुन्हा घड्यांकडे वळली.

साऱ्या जन्मात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणाऱ्या या माणसाने ही एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाही. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण तिचा राग आला नाही. त्याने चौकोन उघडले आणि एकेक वाक्य पुसायला घेतलं. दर वाक्याला फोन विचारायचा, नक्की? तो हो म्हणायचा. पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात पडून राहतं आणि परत काढता येतं, हे लेकीने त्याला शिकवलं होतं, म्हणून त्याने तो डबाही रिकामा केला. कामाला तो पहिल्यापासून चोख. मग त्याला झोप लागली.

जाग आली ती काहीतरी टकटक ऐकून. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. बायको ओट्याशी उभी होती, नाकावर चष्मा, हातात त्याचा मोबाईल. ती काचेवर बोट आपटत होती, पुन्हा कानाशी धरत होती, पुन्हा आपटत होती. तो जागा आहे हे बघून ती चोरी पकडल्यासारखी बाहेर आली.

"अहो, हा बोलत नाहीये. माझ्या हातून काही दाबलं गेलं का?"

तो कोपरावर टेकून अर्धा उठला.

"रोजच ऐकते मी, तुम्ही झोपलात की," ती खाली बघत म्हणाली. "ते 'आपण झोपावे' आहे ना, तेवढंच. आधी राग यायचा त्याचा. पण मला 'आपण' म्हणून झोपा सांगणारं दुसरं कोण आहे? आणि पुढे तर... पुढे मला तेवढंच राहणार ना."

त्याने मोबाईल घेतला. एकेक अक्षर शोधत लिहिलं, तूच म्हणालीस पुसून टाका.

तिने ओठ हलवत वाचलं. परत वाचलं.

"अहो, मी काचेचं म्हणत होते," ती म्हणाली. "औषधाचे डाग पडले होते काचेवर. मला वाटलं, काच पुसू का विचारताय."

त्याने मोबाईल तिच्या हातात परत दिला.

"येऊ दे पोरीला. ती आणेल परत. आणेल ना?"

त्याने मान हलवली, नाही.

ती पलंगाच्या कडेला बसली. मोबाईल मांडीवर घेऊन तिने तो चौकोन होता त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. तो तिच्या बोटाकडेच बघत राहिला, कारण तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना.