घमेल्यातलं प्लास्टर

“हात लावू दे त्याला. मागाहून गोमूत्र शिंपडतो मी.”

भटजी हे चित्रपट काढणाऱ्या शेठकडे बघून म्हणाले. मी दोघांच्या मध्ये उभा होतो, हातात प्लास्टरचं घमेलं. अंधेरीच्या स्टुडिओत, भर सेटवर. दिवेवाले, सुतार, रंगारी, नाचणाऱ्या मुली. पन्नास-साठ माणसं. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मूर्ती विष्णूची. नऊ फूट उंच, काथ्या आणि प्लास्टरची. नखापासून मुकुटापर्यंत मी केलेली. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तिच्या खांद्यावर पाय टाकून बसलो होतो आणि काचकागदाने तिचं नाक घासत होतो. दहाला मुहूर्त. शेठच्या घरचे भटजी आले, मंत्र म्हटले, अक्षता टाकल्या. कॅमेऱ्यासमोर नारळ फुटला. झालं. प्लास्टरचा देव झाला आणि मी महार झालो. उठलो, बाहेर गेलो.

देवादिकांच्या चित्रपटात ही रीतच होती. मुहूर्तानंतर मूर्तीला माझा हात लागायचा नाही. चौदा वर्षं मी ती पाळली. खरं सांगायचं तर मला कुणी बाहेर काढत नसे. नारळ फुटला की मी आपणहून जायचो, पत्र्याच्या शेडखाली विडी ओढत बसायचो. याचीच मला जास्त लाज वाटते. कुणी ढकललं असतं तर निदान कधीतरी मी पाय रोवले असते.

आदल्या वर्षी आमच्या अख्ख्या वस्तीने दीक्षा घेतली होती. मीही घेतली. हे देव मानणार नाही, असं मोठ्याने म्हटलं. घरातला देव्हारा उतरवला. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन लक्ष्मीची बोटं घडवायला बसलो. बायको आरे कॉलनीत म्हशींचे गोठे धुवायची. ती म्हणाली, “घरातले काढलेत, नि तिथे नवे करून देता.” मी म्हणालो, पोटासाठी.  वयाची त्रेचाळीस वर्षं अशीच गेली. पडद्यावर नाव कलादिग्दर्शकाचं, मी रोजंदारीवरचा मजूर. पार थकलो होतो. सकाळी उठतानाच अंग जड झालेलं असायचं.

ती मूर्ती वाळायला मी आणखी दोन दिवस मागितले होते. मिळाले नाहीत, मुहूर्त टळला असता. व्हायचं तेच झालं. दिव्यांच्या धगीने कमळ धरलेल्या हाताला तडा गेला आणि दोन बोटं खाली पडली. भटजी अजून जेवायला थांबलेले होते. त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. मग सुताराला पुढे केलं. मी दहा पावलांवरून सांगायचं आणि त्याने करायचं. सुतार भला माणूस, पण त्याचा हात लाकडाचा. बोटांची केळी झाली. शेठ चिडले, मलाच बोलावलं. मी प्लास्टर कालवलं, पुढे झालो, आणि भटजींनी तो उपाय सांगितला.

प्लास्टर कालवलं की पाच-सात मिनिटांत हात चालवावा लागतो. मी नुसता उभा राहिलो. माझ्या हाताने घडलेलं नाक चालतं, डोळे चालतात, दोन बोटं मात्र गाईच्या मुताने धुवायची. भोवती उभे होते ते सगळे मला रोज हाक मारणारे लोक होते.

शेठ म्हणाले, “चल, आटप लवकर.”

“शिंपडणार असाल तर मी हात लावणार नाही.”

आवाज चिरका निघाला.  शेठ काहीबाही बोलत राहिले, घमेलं माझ्या तळव्याला गरम लागायला लागलं. प्लास्टर धरत होतं. धरू दिलं. पुरतं घट्ट झाल्यावर घमेलं खाली ठेवलं आणि निघालो.  शौर्य वगैरे काही वाटलं नाही, रडू येत होतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आता खायचं काय?  तिने भाकरी वाढली.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओचा मॅनेजर वस्तीत आला. दुसरा कारागीर मिळाला नव्हता, शूटिंग अडलं होतं. मी बस म्हटलं, तो दारातच उभा राहिला. रोजाचे पैसे वाढवून देऊ म्हणाला. मग आवाज उतरवून, मोठे उपकार केल्यासारखा म्हणाला, “भटजींशी बोललोय मी. तू गेल्यावर शिंपडतील. तुझ्यासमोर नाही.”

तो मनापासून बोलत होता. त्याला खरंच वाटत होतं की मला तेवढंच हवंय.

“साहेब, माझ्या माघारी शिंपडलं तरी ते माझ्यावरच पडतं,” मी म्हणालो. “मी येणार नाही. आज नाही, पुढेही नाही.”

तो गेला. मी बायकोला सांगितलं, उद्यापासून गिलाव्याच्या कामावर जातो. गवंड्यांच्या हाताखाली, पोरासोरांबरोबर, या वयात नव्याने शिकायला. रोज निम्मा मिळेल. पोरं हसतील, हसू देत. पण माझा हात लागून जी वस्तू बाटते असं कुणी म्हणेल, ती वस्तू त्याला माझ्या हातची मिळणार नाही.