डुकरिणीचं माहेर

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, "लातूरच्या ओळखीच्या एक बाई..." या गोष्टीला महिना होऊन गेला. ती बाई माझी सख्खी मोठी बहीण. डुकरं पाळायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मी तिथं कुणाला कळू दिलं नव्हतं.

आमचं घर मुदखेडचं. आमच्यात लेक सासरी निघाली की तिच्यासोबत एक गाभण डुकरीण देतात. आक्का अशीच औशाकडं नांदायला गेली. भूकंपात तिचं घर गेलं, नवरा गेला. उघड्यावर बांधलेली डुकरीण तेवढी वाचली. तिच्या जिवावर आक्कानं लेकीला घेऊन लातूरच्या कडेला सगळं पुन्हा उभं केलं. तेव्हा शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं, गल्लोगल्ली मेस. तिथलं उष्टं ड्रममध्ये भरून ती डुकरांना न्यायची आणि त्याच डुकरांवर माझा क्लास चालला होता. माझ्या मेसच्या मागच्या दाराशी ती दिसली की मी मान वळवायचो. ती ड्रम उचलून पुढं जायची. तिच्या घरी गेलो की मात्र म्हणायची, "पोळी अर्धी टाकत जाऊ नको रे, माझी डुकरं फुगून राहिली!"

पुढं मी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत लागलो. काही वर्षांपूर्वी नांदेड-लातूरच्या डुकरांमधल्या सर्को विषाणूवर काम निघालं. हा विषाणू बहुतेक कळपांत असतोच. कुठं नुसता पडून असतो, कुठं पिल्लं सुकवतो. आपल्याकडं त्याचे प्रकार किती, कोण कुणाच्या जवळचा, हे जनुकांवरून बघायचं होतं. आक्काचीही पिल्लं सुकत होती, तिनं आनंदानं डुकरांचं रक्त काढू दिलं. निकाल आला आणि आमच्या प्रमुख मॅडम वैतागल्या. मुदखेडचा विषाणू शेजारच्या उमरीशी जुळेना, जुळला तो थेट लातूरच्या आक्काच्या कळपाशी. "नळ्यांची अदलाबदल झालीय. दोन्हीकडचे नमुने बाद करा." मला कारण ठाऊक होतं. आक्काची लेक दोन वर्षांपूर्वी मुदखेडलाच दिलेली. पण ते सांगितलं असतं तर 'तुम्हाला कसं माहीत?' हा प्रश्न आला असता... बाद नमुन्यांच्या यादीत आक्काचं नाव मीच, माझ्या हातानं लिहिलं.

आठवड्यानं आक्का निकाल विचारायला आली. मॅडमनी घोळ समजावून सांगितला. आक्का कमरेवर हात ठेवून हसली. "अवो मॅडम, लेकीसंगं डुकरीण गेली, डुकरिणीसंगं दुखणं गेलं. उमरीत आमची सोयरीकच न्हाई, तर रोग कसा जुळंल?" मग माझ्याकडं वळली. "खरं हाय ना, साहेब?"

साहेब. मी म्हणालो, "बरोबर आहे, बाई."

मॅडमनी नमुने पुन्हा तपासले. निकाल तोच! मग प्रत्येक कळपामागची सोयरीक विचारत आम्ही नायगावपर्यंत फिरलो. विषाणूची वंशावळ लग्नाच्या वऱ्हाडामागून चालत होती. लातूरच्या बैठकीत मॅडमनी आक्काला माइकपाशी बोलावलं. "मी काय सांगू? तुम्ही यंत्रात बघितलं, मी मांडवात बघितलं," एवढं बोलून ती खाली उतरली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मागच्या रांगेत सगळ्यात जोरात मी वाजवत होतो, ओळख न देता. आता आमच्या वस्तीत लग्न ठरलं की आधी डुकरिणीचं रक्त तपासायला येतं. दुखणाईत डुकरं वेगळी काढल्यावर आक्काच्या कळपातली पिल्लंही शेवटपर्यंत टुणटुणीत राहिली.

आमच्या नमुन्याच्या छापील अर्जावर गाव आणि वय यांच्याखाली आता एक रकाना आहे: 'माहेर'. परवा बदलून आलेल्या नव्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय? असला रकाना कुणी घातला?"

"माझ्या सख्ख्या बहिणीनं," मी म्हणालो. "डुकरं पाळायची ती."