छप्पनशे जी

मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबाचे मोठे भाऊ नत्थुजी. वय एकसष्ट, राहणार वलगाव, दीड एकरात शेवंती अन् झेंडू. आयुष्यात त्यांनी एकही गेम खेळला नाही, मोबाइलवरचा सापाचासुद्धा नाही. तरी मागच्या उन्हाळ्यात त्यांनी गेमिंग कम्प्युटर घेतला, अन् त्याचा प्रोसेसर कोणता घ्यायचा ते मी ठरवलं.

त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी फुलं तोडतात, आठच्या आत अमरावतीले अंबादेवीच्या रस्त्यावर टोपली मांडतात, दुपारी घरी येऊन हार ओवतात. ओवताना बोलत नाहीत. बोलायचं काम त्यांच्या पोरीचं होतं, दामिनीताईचं. ती बडबडायची अन् हे ओवायचे. ताई तीन वर्षांपासून हैदराबादले नोकरीवर आहे. फोन रोज करते, खोटं कावून बोलू. पण फोन असा.

"जेवले का बाबा?"

"हो."

"गोळी घेतली?"

"हो."

"बरं, ठेवते."

तेवढ्या वेळात हारात चार फुलंही जात नाहीत.

मी अन् ताई रविवारी दुपारी ऑनलाइन खेळतो. चार जणांची टोळी असते, बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटपर्यंत जिवंत राहायचं. एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन वलगावलेच होती. खेळता खेळता हेडफोनची वायर निघाली अन् ताईचा आवाज घरभर झाला. "मोनाली, पळ वं, मागून आला तो, तिकडे कुठं चालली, बह्याड कुठली," अन् मग तिचं ते हसणं, दम लागेपर्यंत. मोठे बाबा न्हाणीतून ओल्या हातानंच आले अन् दाराशी उभे राहिले. दीड तास. बसा म्हटलं तर बसले नाहीत. गेम संपल्यावर म्हणे, "एवढं बोलते ते?"

मी म्हटलं, "गेममध्ये बोलाच लागते."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "मोना, हे मशीन आपल्या घरी बसते का?"

मागून मोठी आई ओरडली, "बुढ्याले आता बंदुका पाहिजे."

"मले बंदूक नाही पाहिजे वं. दामिनी बोलीन अन् मी ऐकीन, बस."

बजेट तीस हजार. मी आठ दिवस कॉलेजमध्ये लेक्चरच ऐकलं नाही, नुसते प्रोसेसरचे व्हिडिओ. एक स्वस्त होता, पण त्याच्यासंग ग्राफिक कार्ड वेगळं घ्या लागत होतं, अन् अर्धे पैसे त्या कार्डातच गेले असते. शेवटी रायझनचा छप्पनशे जी पक्का केला. त्याच्या पोटातच ग्राफिक असते, स्क्रीनवर चित्र तोच दाखवते, कार्डाची गरज नाही. मोठे बाबाले मी एवढंच सांगितलं की सहा कोर आहेत, म्हणजे सहा बाया एकाच वेळी फुलं तोडून राहिल्या समजा.

"मुकादम कोन त्याईचा?"

"कोणी नाही."

"मंग भांडतीन त्या."

त्या आठवड्यात त्यांले अकोल्याले एका लग्नाचे हार पोचवायचे होते. तिथल्या दुकानात माल होता, भावही बरा होता. माझं प्रॅक्टिकल होतं, मी जाऊ शकत नव्हती. मी लॅबबाहेरून फोनवर भरभर सगळं सांगितलं, बोर्ड हा, रॅम सोळा, "अन् प्रोसेसर रायझन पाच, छप्पनशे जी". ते म्हणे लिहिलं. मी फोन ठेवला. परत वाचून दाखवा म्हणायचं सुचलंच नाही, मी अशीच आहे.

रविवारी वलगावले जाऊन मी सगळं जोडलं. पंखा फिरला, लाइट लागले, मोठी आईनं हळद-कुंकू वाहिलं. स्क्रीन काळीच. वायर बदलली, रॅम काढून परत लावली, काळीच. मग प्रोसेसरचा खोका हातात घेतला तर त्याच्यावर नुसतं छप्पनशे.

"मोठे बाबा, जी कुठं गेला?"

"कोनता जी?"

"छप्पनशे जी सांगितलं होतं ना तुमाले."

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून वाचली. मग म्हणे, "मले वाटलं तू मले जी म्हणून राहिली."

आपल्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी जी येतोच, हो जी, नाही जी. अन् तो चिठ्ठीत कोण लिहिते. दुकानदारानं चिठ्ठीत होतं तेच दिलं. जी नसलेला छप्पनशेही मिळते, तो चालते मस्त, पण त्याच्या पोटात ग्राफिक नाही.

मी ताईले व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर. ऐकून ती जी हसत सुटली, थांबेचना. "बाबा, तुमी चिपचा मानही स्वतःले लावून घेतला?" मोठे बाबा खाली मान घालून हसत होते, कान लाल. चाळीस मिनिटं बोलली ती त्या दिवशी. मशीन उघडून दाखवा, पंखा दाखवा, बोर्ड दाखवा. शेवटी म्हणाली, "राहू द्या, बदलू नका. माझ्याजवळ जुनं ग्राफिक कार्ड पडून आहे. पोळ्याले येते तेव्हा घेऊन येते, मीच लावून देते."

मले धीर कुठे. दुसऱ्याच दिवशी मी अमरावतीत एक दुकान शोधलं, तिथला दुकानदार हा प्रोसेसर अन् थोडे वरचे पैसे घेऊन जी-वाला द्याले तयार होता. पळत वलगावले गेली, म्हटलं, चिप द्या, आजच काम होते.

"नको."

"कावून?"

"दामिनी घेऊन येणार म्हणली ना."

मले राग आला. एवढे पैसे लावून काळी स्क्रीन पाहत बसायचं. मी म्हटलं, पोळ्याले अडीच महिने आहेत. ते म्हणे, "हाये तर हाये." अन् ओवाले बसले. पण त्या दिवसापासून फोन बदलला. ताईनं गोळीचं विचारलं की हे म्हणायचे, "कार्ड ठेवलं ना जपून?" ती म्हणायची, "हो बाबा, बॅगेतच ठेवलं." रोज तेच विचारायचे. मोठी आई टोमणा मारायची, "पोरीची तब्येत विचारा कधी, कार्डाचीच विचारता."

पोळ्याले सुट्टी मिळाली नाही. ताई म्हणाली, दसऱ्याले नक्की. मोठे बाबांनी तिच्या खोलीतली फुलांची पोती हलवली, पलंग झटकला.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी गेली तर घरी पार्सल आलेलं. हैदराबादचं. मोठे बाबा वावरात होते, झेंडूची तोड जोरात. मी विचारच केला नाही. टेप फाडला, कार्ड काढलं, बसवलं, स्क्रू कसला, बटण दाबलं. स्क्रीन उजळली. मी उड्या मारत वावरापर्यंत गेली, म्हटलं, चला लवकर, लागलं.

ते आले. हाताले झेंडूचा पिवळा रंग तसाच. उजळलेली स्क्रीन पाहिली, मग खाली पडलेला पार्सलचा खोका.

"पोस्टानं आलं?"

"कुरिअरनं."

"हं," म्हणे. मग म्हणे, "चांगलं लागलं." तेव्हा मले समजलं की मी काय केलं. पण लागलेलं कार्ड आता काढून काय होणार होतं.

रविवारी ताई ऑनलाइन आली. मी हेडफोन काढून स्पीकर लावला, मोठे बाबाले खुर्चीवर बसवलं. त्यांचा माणूस बेटावर एकाच जागी उभा, अन् ताई, "बाबा, हला ना जरासे, गोळी लागीन," अन् तेच हसणं, घरभर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माइक कुठं असते ते मले विचारलं अन् त्याच्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "दसऱ्याले कोनत्या गाडीनं येतं?"

"अरे हो, सांगायचं राहिलंच," ताई म्हणाली. "आता नाही जमत बाबा. अन् आता कशाले घाई, आता तर दर रविवारी भेटूनच राहिलो ना आपण."

"हो," मोठे बाबा म्हणाले. "हो, ते हाये."