गाडी गेली की रस्ता हाय

शेंद्र्याच्या नाक्यावर आम्ही पिकअपवाले भाड्याची वाट बघत बसतो. भाडं कमी, बसणं जास्त, म्हणून किस्से साचतात. नव्या गाड्यांच्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडत नाही. त्या डांबर सोडून खाली उतरतच नाहीत. जे घडतं ते जुन्यांच्याच बाबतीत.

रज्जाकभाई खुलताबादचे. त्यांच्या पिकअपचा सेल्फ मेला तो मेलाच. धक्का दिला की चालू. खुलताबादेत जिथं लावाल तिथं उतार, म्हणून त्यांचं कधी अडलं नाही. एकदा माल घेऊन एका कंपनीत गेले. वॉचमननं दरडावून सपाट अंगणात, पांढऱ्या पट्ट्यात गाडी लावायला लावली. निघताना वॉचमन, दोन हमाल आणि टाय लावलेले एक साहेब, सगळ्यांनी मिळून ढकलली.

रज्जाकभाई खिडकीतून म्हणाले, "आप लोगां बहोत अच्छे हैं."

पुढच्या खेपेला वॉचमन लांबूनच ओरडला, "चाचा, पट्ट्यात नको! गेटापाशी, उतारावर!"

*

आमच्यातले बबनराव शेतकरीही आणि पिकअपवालेही. त्यांच्या गाडीचं डावं दार प्रत्येक खड्ड्याला उघडतं. पुण्याचे मेहुणे बसले आणि विचारू लागले, "दाजी, सीटबेल्ट कुठंय?"

"तुम्ही दार धरा. दार तुम्हाला धरतंय."

*

एकदा एका धनगरबाबांची मेंढरं मी सोयगावकडच्या डोंगराला नेत होतो. दगडगोट्यांची वाट, पण गाडीवर माझा लई भरवसा. अर्ध्या चढावर ती थांबली आणि मागं सरकायला लागली. मी घामाघूम, ब्रेकवर जवळजवळ उभाच. बाबांनी उतरून चाकामागं दगड लावला, मागचं फाळकं उघडलं. मेंढरं चालत वर गेली. मग रिकामी गाडी गुमान चढली.

वर बाबा सावलीत बसले होते. मी म्हणालो, "गाडी दणकट हाय, बाबा."

"व्हय. मेंढरं नसली की लई चढती."

*

बबनरावांच्या शेजारची सून बाळंतपणात अडली होती. पाऊस लागलेला, ॲम्ब्युलन्स नाल्यापलीकडं डांबरावर थांबलेली. बबनरावांनी गाडीच्या मागच्या हौद्यात गाद्या टाकल्या, सुनेला आणि सासूला बसवलं. धक्के बसू नयेत म्हणून ते पहिल्या गिअरात सरपटत निघाले. मागून सूनच ओरडली, "भाऊ, सांभाळत बसू नका, पळवा!"

बबनरावांनी नाल्यात गाडी घातली. पाणी दारातून आत आलं, इंजिन खोकलं, पण बंद पडलं नाही.

पलीकडं ॲम्ब्युलन्सवाला चकित. "तिकडं रस्ता आहे?"

"गाडी गेली की रस्ता हाय," बबनराव म्हणाले.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. बबनराव गाडीपुढं नारळ फोडायला गेले, पण तीनदा नेम चुकला, शेवटी नारळ सासूनं फोडला.

*

शेवटी घरच्यांनी लकडाच लावला, तेव्हा बबनराव गाडी भंगारात द्यायला तयार झाले. भंगारवाला आपला नवाकोरा ट्रक घेऊन शेतात यायला निघाला आणि ओल्या काळ्या मातीत रुतला. जितकी रेस देई, तितकी चाकं खाली जात.

बबनरावांनी पिकअप चालू केली, साखळी बांधली. गाडी थरथरली, धूर ओकला आणि ट्रक ओढत डांबरापर्यंत घेऊन गेली.

तिथं बबनरावांनी साखळी सोडली. काचेपुढचा देवाचा फोटो काढून खिशात ठेवला. कुणाकडं न बघता किल्ली पुढं केली.

भंगारवाल्यानं चिखलानं माखलेला आपला ट्रक बघितला. मग आल्या वाटेकडं बघितलं.

"राहू द्या, बबनराव," तो म्हणाला. "तुमच्या शिवारातून मला अजून लई भंगार न्यायचंय."