नईमच्या गल्लीत अडकलेली गाडी

सायरन मागून आला तेव्हा आमची गाडी नईम नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत उभी होती आणि काही केल्या हलत नव्हती.

गाडी युनिव्हर्सिटीची. शहराच्या ट्रॅफिकमध्ये स्वतःहून चालणारी गाडी बनवायचा आमचा रिसर्च प्रोजेक्ट. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेली. स्टिअरिंगवर सावंत. ते गुहागरचे, इथे बहारीनमध्ये बरीच वर्षं ड्रायव्हिंग करणारे. त्यांचं काम सेफ्टी ड्रायव्हरचं, म्हणजे गाडी चुकली तर ताबा घ्यायचा.

एरवी तो लगेच घेता येतो. पण त्या दिवशी छतावरच्या सेन्सरची वायर सैल झाली. गाडीला दिसेनासं झालं की ती आपणहून थांबते आणि गियर पार्किंगमध्ये टाकून लॉक करते. त्याला आम्ही सेफ स्टॉप म्हणायचो. कॉम्प्युटर नीट बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते लॉक सुटत नाही.

दोन्ही बाजूंना पार्क केलेल्या गाड्या. मधे आम्ही. आमच्या मागे हातभर अंतरावर अॅम्ब्युलन्स.

"मॅडम, गियर पडत नाही," सावंत म्हणाले. आवाज शांत होता, पण मानेवर घाम होता.

मी शटडाऊन दिला. स्क्रीनवर 'सेव्हिंग डेटा' आलं आणि तिथेच राहिलं.

अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उतरून आला. बहारीनी, तरुण. त्याने काचेवर हात आपटला. "यल्ला, गाडी हटाव. अंदर पेशंट है."

"लॉक हो गया है," सावंत म्हणाले.

"तो धक्का मारो."

"चाकं जाम आहेत, धक्क्याने काय होणार," सावंत माझ्याकडे वळून पुटपुटले.

एकच उपाय उरला होता. डिकीत कॉम्प्युटरचा मेन स्विच होता. तो ओढला की आमची सगळी यंत्रणा मरते आणि गाडी पुन्हा साधी गाडी होते. मी फोन स्पीकरवर टाकून आमचे प्रोफेसर डॉक्टर युसुफ यांना सांगितलं.

"मेन ओढू नकोस," ते म्हणाले. "सगळ्या उन्हाळ्याचा डेटा त्या डिस्कवर आहे. स्पॉन्सर्सना तोच दाखवायचाय. शटडाऊन होऊ दे."

"सर, मागे अॅम्ब्युलन्स आहे."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही."

मागे सायरन चालूच होता. बाल्कन्यांतून माणसं खाली बघत होती. अॅम्ब्युलन्सचं मागचं दार उघडून नर्स अरबीत काहीतरी ओरडली. शब्द कळले नाहीत, सूर कळला.

मी उतरले, डिकी उघडली आणि स्विच ओढला. कॉम्प्युटरचे पंखे बंद पडले आणि मी बाजूला सरकले. सावंतांनी गियर टाकला, गाडी पुढे काढली आणि कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे इथल्या किराणा दुकानासमोर, फुटपाथवर चढवली. अॅम्ब्युलन्स आमच्या आरशाला घासून गेली. मी मागून चालत जाऊन उघडी डिकी बंद केली.

डिस्क खराब झाली. बराचसा डेटा गेला. संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"थोडं थांबता आलं नसतं?"

"मला आलं असतं, सर. आतल्या पेशंटला आलं असतं का, ते ठाऊक नव्हतं."

मग सरांनी स्वतःच टेस्टिंगची परवानगी देणाऱ्या ऑफिसला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. आमचं रस्त्यावरचं टेस्टिंग बंद झालं. स्पॉन्सर्सचा डेमो पुढे गेला. टेस्टिंग पुन्हा सुरू व्हायला हिवाळा उजाडला. तोवर मेन स्विच ड्रायव्हरच्या हाताशी आला होता.

पेशंट कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. सावंतांनी एकदा हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या माणसाकडे चौकशी केली. त्याने सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

गाडी बिघडली की थांबलीच पाहिजे, यावर आम्ही खूप काम केलं होतं. थांबलेली गाडी दुसऱ्याच्या वाटेत असू शकते, हे आमच्या एकाही मीटिंगमध्ये निघालं नव्हतं.